देवळात पारखलेली पेटी

डांबरगोळ्यांचा वास आला की नव्वदच्या दशकातली कऱ्हाटीतली एक दुपार आठवते. गावच्या थंडगार दगडी देवळात आमच्या भजनी मंडळातले तात्या आपली जुनी पेटी देऊन डांबरगोळ्यांचा वास येणारी दुसरी घेत होते. मी शाळेत संगीत शिकवायचो, म्हणून पारख माझ्याकडे. घुमटाखाली सूर धुरासारखे तरंगत राहिले आणि मी डोळे मिटूनच म्हणालो, "घ्या तात्या, गोड आहे." देवळात शिंकसुद्धा सुरात वाटते, हे विसरलोच. संध्याकाळी त्यांच्या पत्र्याच्या घरात माझ्यासमोर त्याच पेटीचा मधला सूर चिरकला, पण शब्द फिरवायची मला लाज वाटली. "मास्तर, तुमी पारखली म्हंजी पेटी चांगलीच. माझाच हात गेला," म्हणत तात्यांनी वाजवणं सोडलं. आता तात्या नाहीत, मीही पन्नाशी ओलांडली. त्यांचा हात शाबूत होता, पेटीच खराब होती, आणि ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.