पांझरेचा वारा

सुधा गेली त्याला आज दीड महिना झाला. जळगावहून तार आली तेव्हा मी धुळ्यात देवपूरच्या शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. तार वाचली, घडी घातली आणि उरलेले दोन पेपर तपासून मगच उठले. असं का केलं, मला विचारू नका. धाकटी बहीण चौतिसाव्या वर्षी काविळीनं गेली आणि मी भूगोलाचे गुण देत बसले! तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठून झालंय.

पेपरात छापून आलं, ‘आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टचे निधन’. वाचून मला रागच आला. ती एकदाच परदेशी गेली आणि तिथं सगळं मिळून दीड मिनिट खेळली. तेवढीच तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. त्या दीड मिनिटासाठी तिनं काय केलं ते मला ठाऊक आहे, आणि मी काय केलं तेही... ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात एका परदेशी बाईंनी तिला तालबद्ध जिम्नॅस्टिक्स शिकवलं. वाद्याच्या तालावर गिरक्या घेत, उड्या मारत चेंडू, दोरी, कमरेपर्यंत येईल एवढं मोठं कडं हवेत फेकायचं आणि जमिनीला लागू न देता झेलायचं, असा तो खेळ. भारताच्या संघात तिची निवड झाली तेव्हा हा खेळ कशाशी खातात हे धुळ्यात कुणाला माहीत नव्हतं. निघायला तीन महिने होते. घरात कडं फेकलं की आढ्याला लागायचं. म्हणून बुरडाकडून बांबूचं नवं कडं करून घेतलं आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघी पांझरेच्या कोरड्या पात्रात जाऊ लागलो. आई-वडील दोघंही गेलेले, तिची पाठराखीण मीच. ती आखूड कपड्यांत वाळूत उड्या मारायची आणि मी तिचं पातळ हातावर घेऊन पोलिसासारखी उभी. टरबुजाच्या वाडीवरची म्हातारी एकदा मला म्हणाली, ‘‘अक्का, बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं.’’ मी म्हटलं, बघू दे की. चार लोकांसमोर चाललंय म्हणून तर माझ्या जिवाला घोर नाही.

वैशाखात नदीतून पश्चिमेचा वारा असा सुटायचा की वर गेलेलं कडं दोन हात पूर्वेला सरकायचं. सुधा महा हुशार. आठवड्याभरात तिनं वारा ओळखला. कडं फेकलं की वर न बघताच ती दोन पावलं पूर्वेला जायची, हात उंचावायची, आणि कडं बरोबर हातात! मी टाळ्या पिटायची. काय मूर्ख होते मी...

त्याच दिवसांत कापसाचे व्यापारी छगनशेठ मला भेटायला शाळेत आले. पुलावरून जाता-येता त्यांनी सुधाला पाहिलं होतं. म्हणाले, कापसाचा हंगाम संपलाय, गोदाम रिकामं आहे, छप्पर चांगलं उंच आहे, पोरीला तिथं खेळू द्या. भला माणूस, भाडंबिडं काही मागत नव्हता. पण मला डोळ्यांपुढे दिसलं ते गोदामाचं बंद दार. बंद दाराआड आखूड कपड्यांतली तरणी पोर... गावाचं तोंड कोण धरणार? उद्या तिचं लग्न जमवायचं होतं. मी हात जोडून नको म्हटलं आणि सुधाला यातलं काही कळू दिलं नाही.

परदेशातल्या बंदिस्त हॉलमध्ये काय झालं ते संघाबरोबर गेलेल्या मास्तरांनी नंतर सांगितलं. पहिल्या फेकीला सुधा सवयीनं दोन पावलं सरकली आणि कडं सरळ खाली आलं, तिच्यापासून दोन हात लांब. घरंगळत रेषेबाहेर गेलं. दुसऱ्या फेकीला तेच. ती शेवटून दुसरी आली. धुळ्याला परतली तेव्हा स्टेशनवर हारतुरे झाले, भाषणं झाली. घरी येऊन तिनं पाय धुतले, पाटावर बसली आणि म्हणाली, ‘‘अक्का, तिथं वाराच नव्हता गं.’’ बस, एवढंच. मी तिच्या ताटात भात वाढला.

पुन्हा तिला संघात कुणी घेतलं नाही. ती जळगावला पी. टी.ची शिक्षिका झाली, लग्न काही केलं नाही. दर दिवाळीला यायची, मला बारीक हो म्हणून चिडवायची. दर दिवाळीला मी ठरवायची, या खेपेला सांगून टाकायचं. पाडवा उरकून ती एस.टी.त बसायची आणि माझं सांगणं तसंच राहून जायचं.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला जळगावला गेले. शेजारीण म्हणाली, बाईंच्या मुली सुट्टीतही खेळतात, भेटून जा. तिनं सांगितलेल्या पत्त्यावर पोचले तर समोर कापसाचं गोदाम, आणि बाहेर खुर्चीवर छगनशेठ! आता मुलाकडे इथंच असतात. मला ओळखून उठायला लागले, मीच बसवलं. म्हणाले, ‘‘चार वर्षांपूर्वी सुधाबाई आल्या. म्हणाल्या, अक्कानं तेव्हा नको म्हटलं, तसलं एक गोदाम आता मला द्या.’’

 तिला हे कुणी सांगितलं, मी विचारलं. शेठजी खाली बघून म्हणाले, मीच. परदेशी निघायच्या आदल्या दिवशी नारळ द्यायला गेलो होतो, तेव्हा बोलून गेलो.

म्हणजे निघताना तिला ठाऊक होतं. पाटावर बसून ते एक वाक्य बोलली तेव्हाही. एवढ्या दिवाळ्या माझ्यासमोर बसून करंज्या खाल्ल्या तेव्हाही. अगं, एकदा कडाकडा भांडायचं तरी होतंस माझ्याशी! मी मोकळी झाले असते गं...

दार ढकलून मी उंबऱ्यात उभी राहिले. आत कडं फेकणाऱ्या पंधरा-वीस मुली, मे महिन्यातलं जळगाव, घामानं नुसत्या निथळत होत्या. त्यातली एक धापा टाकत माझ्याजवळ आली. ‘‘मावशी, आत यायचं तर या, पण दार लावून घ्या ना. वारा येतो.’’

मी आत गेले. दार भलतंच जड होतं. दोन्ही हातांनी ओढून लावलं आणि आतून कडी घातली.