विल्फ मॉसपच्या ताटातला आकडा

विल्फ मॉसप कधी जेवणार हे ओहोटी ठरवायची. पाणी मागे सरलं की तो रबरी बूट चढवून, बादली घेऊन स्कारबेकच्या खडकांवर उतरायचा आणि भरती घोट्यांना लागेपर्यंत वर यायचा नाही. खडकांना चिकटलेले बोराएवढे काळे शंख तो वेचायचा. आमच्याकडे त्यांना विंकल म्हणतात. उकळायचे, टाचणीने आतला जीव वळवून बाहेर ओढायचा, व्हिनेगरमध्ये बुडवून तोंडात टाकायचा. बरेचसे शंख पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या गाडीवर जात, बाकीचे विल्फच्या पोटात. कारखान्यात चांगली नोकरी मिळत होती, निम्मं गाव तिकडे गेलं होतं. हा म्हणाला, "छपराखाली मला झोप येते."

कारखाना त्या खडकांवरून दिसतो. अणुभट्ट्यांत जळून आलेलं इंधन तिथे आम्लात विरघळवतात, त्यातलं कामाचं काढून घेतात आणि शेवटी उरलेलं पाणी गाळून, मोजून एका नळाने समुद्रात सोडतात. नळ पाण्याखालून दीड मैल आत जातो. त्यातून किती सोडायचं हे कारखाना ठरवत नाही, सरकार ठरवतं, एवढं गावाला ठाऊक होतं. सरकार ते कशावरून ठरवतं, असं मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

दर जूनमध्ये मासळी खात्याच्या प्रयोगशाळेतून मिस कॅचपोल यायची. हडकुळी, चष्मेवाली, गाडीत वजनकाटा आणि बरण्या. ती चिखल न्यायची, शेवाळ न्यायची, मासे न्यायची आणि शेवटी पबमध्ये येऊन प्रत्येकाला विचारायची, तुम्ही आठवड्याला काय काय खाता?

"विल्फचं आधी लिहा, बाई," पबवाला जॉस ओरडायचा. "तो माणूस नाही, बगळा आहे!"

"तुझी बायको वाढते ते खाण्यापेक्षा बगळा झालेला बरा," विल्फ म्हणायचा आणि छाती पुढे काढून सांगायचा, "दोन पौंड. शंख सोडून, नुसता गर."

हा आकडा खरा होता. तिने त्याच्या स्वयंपाकघरात बसून तो तोलूनही पाहिला होता.

पण त्या वर्षी फेब्रुवारीत विल्फच्या पायाचा अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, शंखातलं काही खायचं नाही, एकही नाही. विल्फने कुणाला सांगितलं नाही. वेचत राहिला, विकत राहिला, आणि बगळा म्हटलं की पूर्वीसारखाच हसत राहिला. जूनमध्ये मिस कॅचपोल वही उघडून त्याच्या टेबलाशी बसली तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोन पौंड."

तिने लिहिलं. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच विल्फने विचारलं, "पोरी, माझ्या जेवणाशी सरकारला काय करायचंय?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. असं कुणी विचारावं याची ती बहुधा वाटच बघत होती.

"नळातून जे जातं, ते थोडंथोडं विंकलमध्ये साठतं," ती म्हणाली. "मग आम्ही इथे सगळ्यांत जास्त विंकल खाणारा माणूस शोधतो. त्याला अपाय होणार नाही इतकंच पाणी सोडू देतो. तो सुरक्षित, तर बाकी सगळे आपोआप सुरक्षित."

"आणि तो माणूस कोण?"

"तुम्हीच की, मिस्टर मॉसप."

विल्फने खिडकीतून कारखान्याच्या चिमणीकडे पाहिलं. "आणि समजा, मी खायचं सोडलं तर?"

"तर तुमच्या खालचा. वहीत तो तुमच्या पावपटच खातो. नवा परवाना याच वर्षी ठरतोय, आणि कारखान्याला जास्त सोडायची मुभा हवी आहे."

"मग ती मिळेल?"

"वही तसं सांगत असेल, तर मिळेल."

ती गेल्यावर विल्फने घरी येऊन मोठं भगुणं चुलीवर चढवलं. खोटा आकडा वहीत राहू द्यायचा नव्हता आणि नळही मोठा होऊ द्यायचा नव्हता. मग उरला एकच मार्ग. चार महिन्यांनी त्याने टाचणी हातात घेतली आणि बशी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी मिस कॅचपोल काटा घेऊन आली तेव्हा हा थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसलेला, कपाळावर घाम.

तिने पायाकडे पाहिलं, भगुण्याकडे पाहिलं. "कधीपासून बंद आहे?"

"फेब्रुवारी."

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"काल आणि परवा खाल्ले ते खोटं नव्हतं," विल्फ कण्हत म्हणाला.

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "हा आकडा मी ठेवू शकत नाही. गावात आणखी कुणी खातं का? नीट आठवून सांगा."

आठवायची गरजच नव्हती. अकरा वर्षं दर शुक्रवारी विल्फ एक बादली थर्झा फेअरनच्या मागच्या पायरीवर ठेवत आला होता. थर्झाबाई एकोणऐंशी वर्षांच्या, चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. लहानपणी रविवारच्या वर्गात त्यांनी विल्फचे कान पिळले होते. विंकल म्हणजे ज्याला मांस परवडत नाही त्याचं खाणं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून बादलीबद्दल दोघांपैकी कुणी कधी एक शब्द काढला नव्हता. रिकामी बादली शनिवारी धुऊन पालथी घातलेली असायची, एवढाच काय तो संवाद.

"उद्या सांगतो," विल्फ म्हणाला.

संध्याकाळी तो लंगडत थर्झाबाईंकडे गेला आणि टोपी काढून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आता माझं ताट पबमध्ये नेणार तू, विल्फ्रेड?"

"नाव छापत नाहीत, मिसेस फेअरन. नुसतं बाई आणि वय. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही बोलणार नाही."

मग त्यांनी त्याला बसायला खूण केली. विल्फ त्या घरात पहिल्यांदाच बसला.

"पुन्हा सांग. कुणी जास्त खाल्लं की नळ लहान होतो?"

"तसंच."

"आणि हे त्या कारखान्याच्या लोकांना पाळावं लागतं?"

"लागतं."

"मी खाल्लं म्हणून?"

"तुम्ही खाल्लं म्हणून."

थर्झाबाईंनी मांडीवरचा ॲप्रन दोनदा सारखा केला. "तिला सकाळी बोलव. चहा ठेवते."

सकाळी मिस कॅचपोलने काटा मांडला. आठवड्याचे तीन पौंड दोन औंस भरले, विल्फच्या ऐन भरातल्या आकड्याहूनही जास्त. आणि विंकल उकळलेलं पाणी? तिने विचारलं.

"ते कशाला फेकू? पिते मी," थर्झाबाई म्हणाल्या. "ओट घालून."

त्यासाठी वहीत रकानाच नव्हता. मिस कॅचपोलने पट्टीने रेघ मारून एक नवा केला. मग विल्फच्या नावापुढचे दोन पौंड खोडून तिथे शून्य मांडलं. विल्फने मान वाकडी करून ते शून्य वाचलं आणि पाय आखडून घेतला.

"हा आकडा वर खात्यात टिकला," ती म्हणाली, "तर नळ आहे त्याहूनही लहान करावा लागेल."

थर्झाबाई काट्यावरचा गर निरखून बघत होत्या. चॅपेलमध्ये पाहुणा धर्मोपदेशक आला की त्याला अडचणीत टाकायच्या तशाच सुरात त्यांनी विचारलं, "आणि मी मेले की?"

मिस कॅचपोलची पेन्सिल थांबली. "मग आम्ही पुन्हा येऊन शोधू. सगळ्यांत जास्त कोण खातं ते."

"सापडला नाही तर?"

तिने पेन्सिलीचं टोक विल्फच्या शून्यावर टेकवलं.

"मग मला घाई करून चालायचं नाही," थर्झाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी जवळ ओढली. "विल्फ्रेड, व्हिनेगर दे इकडे."