ओसरीवरच्या दोन रेघा

आमच्या रनाळ्याच्या घरात घड्याळ नव्हतं. पहाटे जात्यावर बसायचं, भाकरी उरकायच्या आणि कापूस वेचायला रानात जायचं, एवढ्यावर सगळं चाले. मला मात्र सातवीची परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की मास्तरीण होण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजात जाता येई. वडिलांनी पौषातच बजावलं होतं, "आखाजीलगून पास व्हय, नहीत मुकाट लगीन कर." आखाजी म्हणजे आमची अक्षय्यतृतीया. शहाद्याकडचं स्थळ हेरून ठेवलेलंच होतं.

वेळ काढायचा कुठून? भूगोल मी जात्यावर घोकला, पाढे रानात. पण गणितं काही उभ्याउभ्या सुटत नाहीत. पाटी हातात घेतली रे घेतली की हाक यायची. ताक घुसळ, वासरू बांध, पाहुण्यांना पाणी दे. माझं डोकं नुसतं तडकायचं. शेवटी एका सकाळी गेरू कालवला आणि ओसरीच्या जमिनीवर दोन आडव्या रेघा ओढल्या. आमचं घर पूर्वेला तोंड करून. सकाळचं ऊन ओसरीत आतपर्यंत शिरायचं आणि दिवस चढेल तसं मागे सरकायचं. आतल्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत ते सरकेस्तोवर मला कोणी हाक मारायची नाही, असं आईला सांगून टाकलं.

"मोठी साहेबीण व्हई गयी!" आई म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी चुलतीनं मला हाक मारली, तेव्हा तीच कडाडली, "ऊन देख ना आधी!" सारवताना तिचा हात रेघांपाशी थांबायचा. ऋतू पालटला तशा मी रेघा थोड्या हलवल्या. वडील हे सगळं बघूनही न बघितल्यासारखं करत, आणि त्याची मला फार चीड यायची.

ते लढाईचे दिवस होते. सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली होती. ती नवी वेळ शाळेत आणि स्टेशनात चाले, गावात तिला कोणी भीक घालत नसे. परीक्षा नंदुरबारला होती, नव्या वेळेनं अकराला. येताना सरकी आणायची म्हणून वडिलांनी बैलगाडीनं जायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी मी केव्हाची आवरून ओसरीवर बसले होते. वडील बैलांना सावकाश चारा टाकत होते.

"आबा, निंघा ना आते."

"कसानी घाई करी ऱ्हायनी? सरकारनी एक तास जास्त दिन्हा शे. आपला अकरा वाजतीन, मंग आखो एक तास."

गावात सगळे असंच धरून चालत. मीही तसंच धरलं होतं. पण माझी नजर आतल्या रेघेकडे गेली. ऊन तिथवर येऊ लागलं की नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू येई. पूर्वी हीच गाडी आम्ही रानात पोचल्यावर दिसायची. नवी वेळ लागल्यापासून भाकरी थापतानाच येऊ लागली होती. गाडी लवकर येते म्हणून आम्ही हसायचो. मी ताडकन उठले. नव्या वेळेनं चालणारी गाडी लवकर येते, तर परीक्षाही लवकरच असणार! तास वाढला नव्हता, हातचा गेला होता. बैलगाडीनं पोचेपर्यंत पेपर संपत आला असता.

मी ओरडून सांगितलं. वडील चारा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना उमजलं नाही की उमजून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. माझा तोल गेला. "तुम्हाले मन्ही परीक्षा बुडावनी शे का?"

बापाला असं कोणी बोलत नसे. आईनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात लांबून शिटी आली.

वडिलांनी चारा टाकला, माझं बोचकं उचललं आणि स्टेशनाकडे धावत सुटले. मी काष्टा सावरत मागोमाग. कापसाच्या वाळक्या पळाट्या पायांना ओरबाडत होत्या. बांधावर त्यांची एक वहाण तुटली, ती त्यांनी तिथेच सोडली. गाडी हलू लागली होती. त्यांनी मला दांडी धरायला लावून वर ढकललं आणि मागून लटकत चढले. वाटेत लष्कराच्या गाडीसाठी आमची गाडी थांबवली, तेव्हा मी रडकुंडीला आले. त्यांनी मान वळवली.

मी शाळेत शिरले तेव्हा पेपर वाटत होते. बाहेर आले तेव्हा वडील एका पायात वहाण घालून निंबाखाली बसले होते.

मी पास झाले, निकाल आखाजीच्या तोंडावर आला. तरीही वडिलांनी शहाद्याच्या स्थळाला नकार कळवला नाही. आखाजीला सकाळीच शहाद्याकडचे पाहुणे आले. बाहेर पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या, मी आत सवयीप्रमाणे पाटी घेऊन बसले होते, पण अक्षर दिसत नव्हतं. "पोरले पानी लई येवाले सांगा," पाहुण्यांतला एक जण म्हणाला. मुलगी बघायची रीतच ती.

वडील उठले.

"पानी मी लई येस," ते म्हणाले. "ऊन आजून बाहेरनी रेघवर उनं नही. तवलगून तिले हाक मारानी नही."