पत्त्यावरचे नाव

गेल्या महिन्यात श्रीवर्धनला वामनराव वारले, आणि खरे सांगायचे तर दुःखापेक्षा मला त्यांचा रागच अधिक येतो आहे. वीस वर्षे आम्ही एकाच शाळेत शिकवले. ते इतिहास, मी गणित.

त्यांना रशियाचे वेड कुठून लागले, कोण जाणे. मुंबईहून इंग्रजी ग्रंथ मागवायचे आणि तिथल्या राजांच्या पदव्यांवर टिपणे काढत बसायचे. आधी नुसता 'क्न्याझ', म्हणजे राजा, मग थोरला क्न्याझ, मग 'झार', पुढे पाश्चात्त्य थाटाचा 'इंपेरातोर'... "झार म्हणजे सीझरच. आपल्या 'कैसर-इ-हिंद'मधला कैसरही तोच," ते सांगत. खेडूत झारला 'बातुश्का', म्हणजे बाप म्हणत. आपण सरकारला मायबाप म्हणतो तसेच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथे क्रांती झाली, पदव्या गेल्या आणि जो तो 'तवारिश', म्हणजे सोबती झाला. हे सारे ऐकायला मलाही आवडे.

पण एका गोष्टीने घात केला. रशियात माणसाला आदराने हाक मारताना त्याच्या नावापुढे बापाचे नाव लावतात, जवळजवळ आपल्यासारखेच. मात्र बाईचे लग्न झाले तरी तिचे ते नाव सुटत नाही. वामनरावांनी एकुलती एक यमुना रेवदंड्याला दिली, आणि पहिल्याच पाकिटावर लिहिले, 'सौ. यमुना वामन', पुढे सासरचे आडनाव. सासऱ्यांनी पत्र न फोडता परत पाठवले.

"मास्तर, घेत न्हाय ते," पोस्टमन म्हणाला.

दुसरेही परत आले. तिसरेही... मी हात जोडले. "वामनराव, एक शब्द बदला. जावयाचं नाव घाला. पोरीला पत्र तर मिळू दे."

"आडनाव त्यांचंच लिहिलंय ना? बापाचं तेवढं राहू दे."

"मग निदान जाऊन तरी या."

"माझं पत्र परत पाठवणाऱ्यांच्या दारात?"

वर्षभर हेच चालले. तिला तिकडून पत्र टाकायची मुभा नव्हती. मलाच तिला चार ओळी लिहिता आल्या असत्या. पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, म्हणून मीही गप्प बसलो.

तापाने चार दिवसांत ते गेले. मी तार केली, जावयाच्या नावाने. ती त्याच दिवशी पोचली. यमुना आगबोटीने आली तेव्हा तिसरा दिवस होता.

"काका, नानांनी वर्षभर एक पत्र टाकलं नाही. इतका कसला राग होता माझ्यावर?"

मी त्यांच्या फडताळातून गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. अकरा पाकिटे, एकही फोडलेले नाही. ती वरचे नाव बराच वेळ वाचत बसली... मग म्हणाली, "पत्ता तर बरोबर आहे."