नापासांच्या घरचा चहा

निकालाच्या दिवशी सोनकांबळे सर फक्त नापास मुलांच्या घरी चहा प्यायचे. मुरुमच्या आमच्या शाळेत हेडमास्तर लिंबाखाली उभे राहून पास झालेल्यांची नावं वाचत. ज्याचं नाव आलं नाही त्यानं काय ते समजावं आणि घरी जाऊन मार खावा, अशी सोय होती. सर गणित शिकवायचे, त्यामुळं न वाचलेली बरीचशी नावं त्यांच्याच विषयातली असायची.

काही घरांत त्यांची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असे. सर त्यातूनच सावकाश चहा पीत आणि वर दुसरा मागत. म्हणायचे, "मी बसलोय तवर बाप पोराला हात लावीत न्हाय. तेवढी एक सांज टळली की पोरगं वाचतं."

दुष्काळाच्या त्या वर्षी मी नववीत पहिली आले. साहजिकच सर आमच्याकडं आले नाहीत. पहिल्या आलेल्या पोरीची काय समजूत घालायची? घरी पेढे वाटणं चाललं होतं, नंबराचे आणि माझ्या ठरलेल्या लग्नाचे एकदमच. मुलगा ढोकीला साखर कारखान्यात पर्मनंट होता. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरगी पहिली आली. आता आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय?"

त्या संध्याकाळी मी जीव द्यायचा प्रयत्न केला. चुलतीनं वेळेवर पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सर दवाखान्यात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "तू पास झालीस म्हणून मी बेफिकीर ऱ्हायलो, पोरी. लई चुकलं माझं." मग त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

हा प्रश्न तोवर मला फक्त किराणा दुकानदारानं विचारला होता. मी भिंतीकडं तोंड केलं.

"सावकाश सांग," सर स्टूल ओढत म्हणाले. "रजा टाकलीय मी."

चौथ्या दिवशी मी म्हणाले, "शाळेत यायचंय." सर तसेच उठून व्हरांड्यात वडिलांपाशी गेले. आत मला वडिलांचं रडणं तेवढं ऐकू आलं. लग्न थांबलं. असं स्थळ मास्तरनं घालवलं म्हणून भावकीनं सरांना वर्षभर नावं ठेवली.

पुढच्या निकालापासून सर आधी पहिल्या आलेल्या मुलांच्या घरी जाऊन बसू लागले, मग नापासांकडं. गाव हसलं. मास्तरला पेढ्याची चटक लागली म्हणालं, आणि सर निवृत्त होईपर्यंत तेच म्हणत राहिलं.

सर वारले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोनं बोलता बोलता सांगितलं, "ह्यांना गोड कधी आवडलंच न्हाय बघ."