इंदूबाईंचा बिनमातीचा सांबार

सांबार म्हणजे इडलीसोबतचं नव्हे, बरं का! नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि इंदूबाईंपुढे तिला दुसरं काही म्हणायची कोणाची टाप नाही.

काटोलकडच्या शेतात बाईंची पन्नास वर्षं गेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलगा पियुष त्यांना धरमपेठेतल्या फ्लॅटवर घेऊन आला. इथे त्या दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या, ताटातलं अर्धं तसंच ठेवायच्या. म्हणून त्याने हॉलमध्ये एक नवं यंत्र बसवलं. खाली काचेच्या टाकीत मासे, वर खड्यांच्या ट्रेमध्ये रोपं. माशांचं पाणी पंपाने वर जायचं, मुळं त्यातलं खत शोषायची, उरलेलं पाणी पुन्हा खाली. दिवे, पंप, माशांचं खाणं, सगळं मोबाइलवर. "माती नाही अन् म्हने शेती!" असं पुटपुटतच इंदूबाईंनी धणे रगडून टाकले. पण सांबार असा काही तरारला, की बाई भाकरी मागून खाऊ लागल्या.

मग पानांवर पडला मावा, रस शोषणारी ती बारीक चिकट कीड. आता जन्मभर शेती केलेली बाई मावा दिसल्यावर काय मोबाइल उघडून बसणार? पानठेल्यावरून तंबाखू आणवली, उकळली, गाळली आणि गावी मारायच्या तशीच पानांवर मारली. ते पाणी ओघळून टाकीत उतरलं. दुपारपर्यंत अकराच्या अकरा मासे उलटे तरंगत होते, आणि मोबाइलवर म्हणाल तर सगळं झकास!

पियुष वैतागला. "राहू दे आता, आई. आमच्या ऑफिसातला ऋषिकेश ही टाकी मागून राहिला. रविवारी घेऊन जाईल."

इंदूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मग उठल्या. "मासे म्या मारले, आता उभंही मीच करीन. रविवार यायचा हाय अजून."

दुखरे गुडघे पसरून त्यांनी सगळे खडे घासून घासून धुतले. नळाच्या पाण्याचा औषधी वास जाईपर्यंत ते दोन दिवस पिंपात ठेवलं. सुनेला, श्वेताला, धाडून आधी दोनच मासे आणवले. ते जगले, मग बाकीचे.

आणि रविवारी सकाळी पाहतात तर पानांखाली पुन्हा तोच मेला मावा!

ऋषिकेशचा फोन आला तेव्हा पियुष हॉलच्या दारात उभा होता. आई स्टुलावर बसून ओल्या फडक्याने एकेक पान वरून, खालून पुसत होती. फडकं वेगळ्या वाटीत पिळत होती. टाकीत थेंब पडू देत नव्हती.

फोन कानाशी तसाच धरून त्याने विचारलं, "किती पानं पुसशील वं आई?"

"हायेत तितकी."

"निघू का गा?" पलीकडून ऋषिकेश विचारत होता. "टाकी रिकामी केली ना?"

"नको येऊ," पियुष म्हणाला. "आई शेतात हाय."