सखारामचा ट्रम्पेट

आमच्या बटालियनच्या बँडमध्ये जुन्नर-आंबेगावकडचे आम्ही दोघंच. मी तळेघरचा, लान्स नायक सखाराम डिंगोऱ्याचा. तो ट्रम्पेट वाजवायचा, मी बिगुल. माझ्या बिगुलाला एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायचा खटका, नाही, म्हणून तो मला भर मेसमध्ये 'बिनखटक्याचा' म्हणून हाक मारायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पोस्टिंग बर्फात होतं. थंडीने व्हॉल्व्हमधलं तेल घट्ट व्हायचं, पिस्टन अर्ध्यावर अडकायचा आणि घसा बसल्यासारखा सूर निघायचा. सखाराम ट्रम्पेट कोटाच्या आत घेऊन झोपायचा. बँड मास्टर म्हणायचे, "शादी कर ले इसी से." पण सकाळी परेडला त्याचाच सूर खणखणीत. मला त्याचा हेवा वाटायचा आणि अभिमानही.

लढाई लागली की बँडची वाद्यं स्टोअरमध्ये जातात आणि आमच्या हातात स्ट्रेचर येतं. सिव्हिलियन लोकांना हे खरं वाटत नाही. त्या उन्हाळ्यात एका दुपारी वायरलेस सेटवर आवाज आला, "एक कॅज्युअल्टी नीचे आ रही है, ओव्हर." स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला सखाराम होता. वाटेत तोफेचा गोळा पडला. जखमी वाचला. सखाराम गेला.

त्याला घेऊन आम्ही डिंगोऱ्याला आलो. चितेजवळ मी लास्ट पोस्टसाठी, म्हणजे शेवटच्या मानवंदनेच्या धूनसाठी, बिगुल काढला, तसे त्याचे वडील, तात्या, पुढे आले.

"ह्याला खटके न्हाईत. माझ्या पोराच्या बाजाला व्हते. त्याला हलकं वाद्य का?"

"तात्या, जवान असो की जनरल, सगळ्यांना हेच वाजतं."

त्यांना ते पटलं नाही. पोराचा मान कमी झाला हे दुःख या माणसाने जन्मभर घेऊन बसावं, हे मला सहन होईना. मी लास्ट पोस्ट वाजवली. रडलं की ओठ थरथरतात, म्हणून रडलो नाही. मग आमच्याबरोबर आलेल्या सुभेदार साहेबांना विचारून गाडीतून सखारामचा ट्रम्पेट आणला. घरच्यांना दाखवायला तो बरोबर घेतला होता.

तात्यांनी तिन्ही व्हॉल्व्हवरून बोट फिरवलं.

"दाबल्यावर काय व्हतं?"

"हवेला आतल्या जादा नळीतून फिरून यावं लागतं. वाट लांबते, सूर खाली उतरतो."

"तिनी दाबले तर?"

"वाट सगळ्यात लांब."

"मग तिनी दाब, भाऊ. तेवढाच उशिरा जाईल त्यो."

मी तिन्ही व्हॉल्व्ह दाबले आणि दम होता तोवर तो एकच सूर धरून ठेवला. माझा दम संपल्यावरच तात्यांनी अग्नी दिला.